ड्रायव्हरच्या बाजूचं दार

गाडी तिला पसंत पडली होती, आणि नेमकं तेव्हाच दाराच्या खालच्या कडेवरून फिरणारं तिचं मधलं बोट एका जागी अडलं. अडलं म्हणजे काही टोचलं नाही, खरचटलं नाही. पत्रा गुळगुळीतच होता, रंगही सगळीकडे सारखाच निळा. पण बोट पुढे जायला तयार होईना. सत्तावीस वर्षं ती दात घडवत आली होती. मेणाचा दात, मग साच्यातला, मग भट्टीतून निघालेला; कुणाच्या तोंडात तो जायचा आहे हे तिला कधीच माहीत नसायचं, फक्त चिठ्ठीवर एक आकडा असायचा. पण कडेला केसाएवढा उंचवटा राहिला तर तो त्या अनोळखी माणसाच्या जिभेला दिवसभर छळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, बोटाला विचारायचं, असं तिला पहिल्याच आठवड्यात तिच्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं. तेव्हापासून ती कपाची कड, टेबलाची कड, नवऱ्याच्या कॉलरची कड, जे हाताखाली येईल ते नकळत बोटाने वाचत असे. आणि आता बोट सांगत होतं की इथे एक थर जास्त आहे. तिने मागच्या दारावरून बोट फिरवलं. सरळ गेलं. पलीकडे जाऊन तिकडची दोन्ही दारं पाहिली. सरळ. परत ड्रायव्हरच्या बाजूला आली. पुन्हा तिथेच अडलं.

“ह्या दाराला काही झालं होतं का?” तिने विचारलं.

गाड्या विकणारा माणूस हसला. तो आधीपासूनच हसत होता, आता जरा जास्त हसला. त्याचा शर्ट, त्याचे बूट, त्याच्या आवारातल्या ओळीने लावलेल्या गाड्यांची नाकं, सगळं इतकं चकाकत होतं की गेल्या खेपेला घरी गेल्यावर तिने नवऱ्याला त्याचं वर्णन सांगताना ‘पॉलिशवाला’ असं नाव दिलं होतं आणि तेच कायम झालं. “मॅडम, एका हातातली गाडी आहे,” पॉलिशवाला म्हणाला. “एक म्हातारे गृहस्थ चालवायचे. घर ते पोहायचा तलाव, तलाव ते घर. साधा ओरखडा नाही. अहो, लोक मुलगीसुद्धा इतकी जपत नाहीत.” मग त्याने उद्या संध्याकाळी आणखी एक जण गाडी बघायला येणार आहे असं सहज बोलल्यासारखं सांगितलं. ती बरं म्हणाली. तिने कागदांचे फोटो काढून घेतले, गाडी गॅरेजवाल्याला दाखवल्याशिवाय हो म्हणणार नाही असं सांगितलं, आणि बसथांब्याकडे चालू लागली. अंगठा मधल्या बोटाच्या टोकावर घासत होता, जणू तो उंचवटा बोटाला चिकटूनच आला होता.

बसमध्ये तिला स्वतःचं हसू आलं. त्रेपन्नाव्या वर्षी गाडी घ्यायला निघालेली बाई आणि दाराशी भांडण! घरात आजवर गाडी नव्हतीच. नवऱ्याची स्कूटर होती. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता, आयुष्यभर रस्ते, ओढे, टेकड्या बारीक निबाने ओढत बसला, आणि निवृत्त व्हायला दीड वर्ष राहिलेलं असताना त्याच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग आला. डाग वाढत गेला. डॉक्टरांनी सांगितलं की मधलं जाईल, कडा राहतील. घरी येताना तो म्हणाला होता, “म्हणजे आता तुझ्याकडे बघायचं असेल तर मला शेजारणीकडे बघावं लागणार,” आणि ती रडायच्या बेतात होती ती फिस्सकन हसली होती. पुढे एके दिवशी विजेचा खांब त्याला फार उशिरा दिसला, तेव्हा त्याने स्कूटर ढकलत घरी आणली, किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “आता तू शीक. स्कूटर नको, गाडीच शीक. माझं वजन वाढलंय.” त्याला शहराबाहेरच्या तळ्यावर जायचं होतं. तिथे बस जात नाही. तळ्याकाठी बसलं की पाखरं कडेकडेनेच उडतात, आणि कडेचं सगळं मला अजून दिसतं, असं त्याचं म्हणणं. ती “मी?” एवढंच म्हणाली. का नको, ते मात्र तिला सांगता आलं नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात ते सांगितलं नव्हतं, आता कुठून सुरुवात करणार?

शिकली मात्र. चांगली शिकली. दुसऱ्या खेपेला परीक्षाही पास झाली. शिकवणारी बाई तोंडाने फटकळ होती, चौथ्या दिवशी म्हणाली, “ताई, तुम्ही ब्रेक तेवढा पोटातूनच शिकून आलाय.” कारण तिचा उजवा पाय कायम ब्रेकवर तरंगत असायचा. एक्सिलरेटरवर तो टेकवायचा म्हणजे तिला थंड पाण्यात पाय घालायचं धाडस करावं लागे. शिकवणारीला वाटलं वयामुळे. वय कशाचं! तो पाय एकोणीस वर्षांचाच होता अजून.

ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा वडिलांनी एक जुनी, लांबलचक गाडी घेतली होती. पाण्याचे मीटर वाचत गल्लोगल्ली पायी फिरणारा माणूस. त्याला एकदा तरी बसून फिरायचं होतं. पुढची सीट सलग बाकासारखी, त्यावर तिघंही बसत, आणि आई मध्ये बसून ‘हळू, हळू’ म्हणत असे. वडील तिला शिकवायचे ते आई दुपारची झोपली की. परवाना वगैरे नव्हता. गल्लीतच शंभर पावलं पुढे, शंभर पावलं मागे. त्या दिवशी ऊन तिरकं होतं आणि काचेवर धूळ होती. कोपऱ्यावरच्या टेलरकाकांनी दुकानाबाहेर उजेडात स्टूल टाकलं होतं आणि मांडीवर कुणाचा तरी कोट घेऊन ते बटणं लावत होते. वडील म्हणाले, “थांबव आता.” तिने पाय दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उडाली. मग स्टूल मोडल्याचा आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. त्या शांततेत दोरा ओवलेली सुई टेलरकाकांच्या बोटांत तशीच होती आणि ते आश्चर्याने स्वतःच्या पायाकडे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. वडील एकच शब्द बोलले. “सरक.” ती बाकावरून सरकली. ते तिच्या जागी सरकले, दार उघडून बाहेर पडले, आणि माणसं जमायच्या आत त्यांनी स्वतःच मोठ्याने सांगितलं, “माझी चूक, माझा पाय चुकला, गाडी आणा कुणीतरी, नाही, गाडी आहे, उचला त्यांना.”

घोटा मोडला होता. टेलरकाका चार महिने काठी घेऊन चालले. वडील दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसत. गाडी त्याच वर्षी विकली, आणि वडिलांनी पुन्हा कुठल्याही गाडीचं स्टीअरिंग हातात धरलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं, जेवायला बसलं आणि बोलणं कशावरूनही गाड्यांवर आलं, की आई म्हणायची, “तुम्ही नका बोलू, तुमच्या हातून एक माणूस जायचा होता,” आणि वडील पाण्याचा पेला तोंडाला लावायचे. ती ताटात बघायची. पहिले काही महिने ती घाबरून गप्प राहिली. मग सांगायची वेळ टळून गेली असं वाटलं. त्यापुढे तर ती गोष्ट वडिलांचीच झाली. त्यांनी ती इतकी सांभाळून ठेवली होती की आता ती त्यांच्याकडून परत मागणं म्हणजे त्यांचा अपमान. अकरा वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हा सगळ्यांसारखी तीही रडली, पण मध्येच तिला भलतंच वाटून गेलं, की आता हे माहीत असलेली जगात मी एकटीच. आणि त्या विचाराने, लाज वाटावी असं, थोडं हलकंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिशवाल्याचा माणूस गाडी गॅरेजवर सोडून गेला. गॅरेजवाल्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत, कारण तो इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. नवऱ्याच्या स्कूटरची मरेपर्यंतची सेवा त्यानेच केली होती. त्याचं काम बघायला तिला आवडे. तो घाई करत नसे. गालिचा उचलून खाली पुराच्या चिखलाची रेघ आहे का ते त्याने पाहिलं, नव्हती. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले. सर्व्हिसच्या पुस्तकातले आकडे आणि मीटर ताडून पाहिलं. “मीटर मागे फिरवलेलं नाही,” तो म्हणाला. “पॅडलचं रबर बघा, जेवढी चाललीय म्हणतात तेवढीच चाललीय.” मग ती काही बोलायच्या आधीच तो ड्रायव्हरच्या दारापाशी वाकला. बिजागरीवर बॅटरी मारली. “हे दिसतंय का? बोल्टच्या डोक्यावरचा रंग फुटलाय. कारखान्यातून आलेल्या दाराच्या बोल्टला कुणी पाना लावत नाही. आणि काच बघा. बाकीच्या काचांच्या कोपऱ्यात जे साल आहे ते गाडीचं. ह्या काचेवर पाच वर्षांनंतरचं.” तो सरळ उभा राहिला. “दार दुसरं आहे.”

“मला कळलं होतं,” ती म्हणाली, आणि तिला एकदम शाळेत गणित बरोबर आल्यासारखा आनंद झाला.

“कशावरून?”

तिने बोट वर केलं. डॉक्टरने ते बोट गंभीरपणे पाहिलं आणि मान डोलावली. एका कारागिराने दुसऱ्याला दिलेली मान. “पण घ्या तुम्ही गाडी,” तो म्हणाला. “दाराचा खांब सरळ आहे, चौकट हललेली नाही. फक्त दाराला लागलंय. इंजिन तर माझ्यापेक्षा बरं आहे.”

“पण तो म्हणाला, ओरखडासुद्धा नाही.”

“ताई, तो विकायला बसलाय. देवाशपथ सांगायला नाही बसलेला.”

तिला हसू आलं, तरी पटलं नाही. त्या दिवशी कामावर तिने वरच्या जबड्याच्या चार पुढच्या दातांचा एक ब्रिज घासायला घेतला आणि तास गेला तरी तो हातातच. दार दुसरं, म्हणजे पहिल्याला काहीतरी लागलं. खांब सरळ, म्हणजे दार तेव्हा मिटलेलं नव्हतं, उघडं होतं. उघड्या दाराला बाहेरून काय लागतं? गाडी चालत असती तर उघडं दार भिंतीला घासून वाकलं असतं. पण चालत्या गाडीचं दार कोण उघडं ठेवतं? गाडी उभी होती. दार उघडलं. पलीकडून काहीतरी येत होतं. काहीतरी की कुणीतरी? तिच्या डोळ्यांपुढे हातात सुई धरलेले टेलरकाका येऊन बसले आणि उठेनात. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, “काय गं, दात दुखतोय का?” आणि मग दोघी त्या विनोदाला दर वेळी हसायच्या तशा हसल्या. पण हसता हसता तिने ठरवून टाकलं. कागदावर पहिल्या मालकाचा पत्ता होता. गाडीचं इंजिन डॉक्टरने पाहिलं होतं. दाराच्या पलीकडे कोण होतं ते तिलाच बघावं लागणार होतं. तिने पॉलिशवाल्याला फोन करून सांगितलं, की गाडी आवडली आहे, एक गोष्ट तेवढी विचारून कळवते. तो म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तासाभरात पोचतंय. ती म्हणाली, पोचू दे की. ते गिऱ्हाईक कधीच पोचलं नाही.

“चौकशीला निघालीस वाटतं,” रविवारी सकाळी चपला घालताना नवरा म्हणाला. तो दाराच्या चौकटीकडे बघत होता, म्हणजे तिच्याकडे बघत होता. “माझी एवढी केली नव्हतीस.”

“तेव्हा डोळे धड होते ना तुमचे. माझी तुम्ही कुठे केलीत?”

“केली होती तर,” तो म्हणाला. “येताना पाव आण.”

पत्ता एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा होता. खिडकीच्या गजाला पोहण्याचे तीन चष्मे आणि दोन रबरी टोप्या वाळत होत्या. दार उघडलं ते एका ठेंगण्या, हसऱ्या बाईंनी. गाडीबद्दल म्हटल्यावर त्यांनी मागे वळून आवाज दिला, “अहो, गाडीचं विचारायला आल्यात,” आणि मग आवाज खाली करून तिला म्हणाल्या, “तुम्हाला घाई नाही ना? त्यांना पहिल्यापासून सांगायला लागतं.” आतून उंच, ताठ म्हातारे गृहस्थ आले. खांदे रुंद, केस ओले. चाळीस वर्षं ते पोहायला शिकवत होते आणि सगळं शहर त्यांना मास्तर म्हणत असे, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. ती गाडी घ्यायचा विचार करतेय हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “दाराचं सांगितलं का त्याने?”

ती नाही म्हणाली. मास्तरांचा चेहरा पडला. “मी लिहून दिलं होतं त्याला. सहीनिशी.” मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. तीन वर्षांपूर्वी, भर सकाळी, तलावाजवळच्या रस्त्यावर त्यांनी गाडी लावली. शिट्टी विसरली की आणली ह्या विचारात खिसा चाचपत होते आणि दुसऱ्या हाताने दार उघडलं. मागे पाहिलं नाही. घरोघर औषधं पोचवणारी एक बाई सायकलवरून येत होती. दार पार उलटं गेलं. औषधाच्या बाटल्या रस्त्यावर, आणि ती बाई त्यांच्यामध्ये पडलेली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

“मी रोज दवाखान्यात जायचो,” मास्तर म्हणाले. “ती भिंतीकडे तोंड करून पडायची. बोलायची नाही. मी तरी काय बोलणार? बसून राहायचो. आठव्या दिवशी वळली आणि म्हणाली, रोज येऊन असं मेल्या माशासारखं बघत बसू नका, काही कामाचं होत असेल तर करा.”

“मेल्या माशासारखं,” आतून बाईंनी आनंदाने दुजोरा दिला.

“मग हाड जुळलं, पण खांदा वर जाईना. इथवर.” त्यांनी हात छातीपर्यंत नेऊन दाखवला. “फांदीला अडकल्यासारखा. आता खांद्याचं मला कळतं. मी म्हटलं, तलावावर या. ती म्हणाली, मला पाण्याची भीती वाटते. मी म्हटलं, मला तुमची वाटते, तरी येतोच आहे. आठ महिने लागले. आधी नुसतं काठ धरून उभं राहायचं. मग पाण्यावर हात ठेवायचा, पाणी उचलतं आपोआप. आता?” ते हसले. त्यांचे दात त्यांचे स्वतःचेच होते, हे तिने सवयीने टिपलं. “आता वीस फेऱ्या मारते. मला मागे टाकते आणि टोकाला थांबून विचारते, मास्तर, दमलात का?”

 बाईंनी सरबत आणून ठेवलं होतं, ते तिने उचललं आणि पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. खोलीत क्लोरीनचा पुसट वास होता, खिडकीतल्या चष्म्यांतून उन्हाचे तीन निळे ठिपके जमिनीवर पडले होते, आणि तिला विनाकारण फार बरं वाटत होतं. इतकं बरं, की त्याचाच थोडा संशय यावा. तिला विचारायचं होतं एक आणि तिने विचारलं भलतंच. “तुम्ही लगेच सांगितलंत? तुमचीच चूक म्हणून?”

मास्तरांना प्रश्न नीट कळला नाही. “न सांगून काय करणार? गाडीत मी एकटाच होतो. दुसरं कोण होतं सांगायला?”

“आणि विकलीत का?”

“त्यानंतर दार उघडायच्या आधी मी मागे बघायचो. तीनदा. मग चौथ्यांदा. मग दहा मिनिटं तसाच बसून राहायचो. ही म्हणाली, तुम्ही पोचेपर्यंत पोरं पोहून घरी जातात, त्यापेक्षा बसने जा.” मग ते उठले आणि त्यांनी तिला खुर्चीतच गाडीत बसल्यासारखं बसायला लावलं. “दार जवळच्या हाताने नाही उघडायचं. लांबच्या हाताने. हा हात इकडे आणा. बघा, आपोआप अंग वळतं, मान वळते, मागचा रस्ता दिसतो. एवढंच. मला सत्तर वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.” तिने तीनदा करून दाखवलं. जाताना जिन्यापर्यंत ते सोडायला आले आणि म्हणाले, “घ्या गाडी. फक्त सकाळी पहिल्यांदा सुरू करताना जरा कुरकुरते. मनावर घेऊ नका.” तिच्या ओठांवर आलं होतं, की मास्तर, माझ्या गाडीत दोघं होते. पण ते त्यांना सांगायचं नव्हतं, हे तिला जिना उतरताना कळलं. ते ज्याला सांगायचं तो घरी पावाची वाट बघत होता.

तरी त्या दिवशी सांगितलं नाही. पाव दिला, मास्तरांचं सगळं सांगितलं, मेल्या माशाचं दोनदा सांगावं लागलं, आणि आपलं राहिलंच. सोमवारी ती पॉलिशवाल्याकडे गेली आणि म्हणाली की गाडी घेते, पण विक्रीच्या कागदावर लिहा: ड्रायव्हरच्या बाजूचं दार अपघातामुळे बदललेलं आहे. पॉलिशवाल्याचं हसू पहिल्यांदाच जागेवरून हललं. त्याला वाटलं तिला भाव पाडायचा आहे. त्याने स्वतः होऊन थोडा पाडला. तिने नाही म्हटलं नाही. मग तो पेन पुढे करून थांबला. तिने परत म्हटलं, लिहा. “मॅडम, आता कशाला? भाव झाला, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे.” ती म्हणाली, “मी पुढे कधी विकली तर तिसऱ्याला माहीत नसेल.” पॉलिशवाल्याने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं, जणू तिला बरं नाही, आणि मग लिहिलं. त्याचं अक्षर अगदी साधं, लहान मुलासारखं गोल होतं. ते बघून तिचा त्याच्यावरचा राग गेला.

पुढच्या रविवारी सकाळी ते दोघं तळ्यावर निघाले. गाडी सुरू होताना कुरकुरली. तिने मनावर घेतलं नाही. नवरा मांडीवर जेवणाचा डबा धरून बसला होता आणि कडेकडेचं जे दिसेल ते सांगत होता. डावीकडे पिवळी भिंत गेली. कुत्रं गेलं. एक माणूस शिडी घेऊन गेला, नाही, शिडीच होती, माणूस मधे असावा. तिचा पाय ब्रेकवर तरंगत होता, पण आता कमी. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला आणि ती थांबली, आणि समोर कुठेच जायचं नाही, हात स्टीअरिंगवर आहेत, तो शेजारी आहे, त्याला तिचा चेहरा नीट दिसत नाही, हे सगळं एकदम जुळून आलं. ती बोलायला लागली. बाकासारखी सीट, धुळीची काच, स्टूल, सुई. वडील म्हणाले सरक, मी सरकले. आवाज अजिबात कापला नाही, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. “ते मी केलं होतं,” ती म्हणाली. “बाबांनी नाही. मी.”

नवरा खिडकीकडे बघत होता, म्हणजे तिच्याकडे. “हो,” तो म्हणाला. “टेलरचा घोटा.”

“काय?”

“तुझ्या बाबांनी सांगितलं होतं मला. लग्नाच्या आधी, चार दिवस असतील. फिरायला घेऊन गेले. मला वाटलं आता पगार विचारतात. तर म्हणाले, हिच्याबद्दल एक गोष्ट कुठे लिहिलेली नाही, ती तुम्हाला माहीत असावी. आणि हेही म्हणाले, की टेलरलाही माहीत आहे. काचेतून त्याला तुझी वेणी दिसली होती. पण तो म्हणाला, पोरीला बोलू नका, तिला झोप लागणार नाही.”

तिच्या डोळ्यांपुढे रविवारची ती खोली आली, जिच्यात ती कधी गेलीच नव्हती. टेलरकाका काठी भिंतीला लावून बसलेले, वडील समोर, दोघांच्या मध्ये चहाचे कप, आणि दोघंही तिच्याबद्दल गप्प. तिला वाटलं ते दुःख नव्हतं.  राग होता, आणि रागाच्या खाली अशी काही ऊब, जिचं नाव तिला ठाऊक नव्हतं.

“एकोणतीस वर्षं,” ती म्हणाली. “एकोणतीस वर्षं तुम्ही बोलला नाहीत?”

“तू सांगशील असं वाटलं. थांबलो. वर्षभर थांबलो असेन.” तो ओशाळला. “मग खरं सांगू का? विसरून गेलो.”

“विसरलात?”

“साफ. आत्ता तू स्टूल म्हणालीस तेव्हा आठवलं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आधी नाकातून, मग पोटातून, खांदे हलायला लागले, स्टीअरिंगवर कपाळ टेकलं गेलं, आणि चुकून हॉर्न वाजला. तिच्या हॉर्नला उत्तर दिल्यासारखे मागून चार-पाच हॉर्न वाजले.

“हिरवा झालाय वाटतं,” नवरा म्हणाला.

“तुम्हाला दिसतोय?”

“छे. लोक ओरडतायत.”

तिने डोळे पुसले, पहिला गिअर टाकला आणि उजवा पाय अलगद खाली टेकवला.